अंगठा हलला तेव्हा

अण्णा, आज चाकूरला माझं भाषण झालं. खोट्या आशेवर जगू नका, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारा, असं नेहमीसारखं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. परतताना मात्र तुमचे पाय आठवत राहिले.

लातूर नुकता जिल्हा झाला होता, आणि पाऊस दडी मारून बसला होता. विहिरीतला गाळ काढायला उतरताना दोर तुटला आणि तुम्ही खडकावर पाठीवर आपटलात. पडलेल्या माणसाला लगेच चालवलं नाही तर अंग धरतं, ही आपल्याकडची समजूत. चौघांनी काखेत हात घालून तुम्हाला उभं केलं. दुखावलेला मणका त्यात पुरता सरकला. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं तेव्हा आई चहा आणायला गेली होती. "मज्जारज्जू तुटलाय. मेंदूचा हुकूम आता कमरेखाली पोचणार नाही. पुढं कधी स्पर्शानं, गारव्यानं पाय आपोआप उडेल. त्यावरून चालता येईल असं समजू नका." ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "आईला एवढ्यात सांगू नको."

काही आठवड्यांनंतरची सकाळ. आंघोळीपुरतं पाणी नाही, म्हणून आई ओलं फडकं पिळून तुमचे तळवे पुसते आहे. अंगठा वर उचलतो, गुडघा थरथरतो.

"हालला का न्हाई?"

"हाव, हालला."

"तुम्हीच हालवला न्हवं?"

"मंग काय सरपंचानं?"

आई हसते. मला राग येतो. शेजारीण नवस बोलायला सांगत आली, तेव्हा "आपण धम्म घेतलाय, खरं तेवढंच मानायचं" म्हणून तिला परत पाठवणारे तुम्हीच होतात.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी आईला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, "मला कवाच कळलं होतं. फडकं लावल्याबिगर पाय कधी हालला का? पण हालला की ते माझ्या तोंडाकडं बघायचे. म्हणून मी रोज लावत होते."

हे मी कुठल्याच सभेत सांगत नाही. हा कागदही कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते: आई कामावर गेली आणि तुम्हाला डोळा लागला की ते फडकं मीही ओलं करून तुमच्या तळव्याला लावायचे, आणि तुमच्या अंगठ्याकडं बघत बसायचे.