स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी

आई, जालन्याच्या बाहेर प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं. नकाशा माझाच. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते; पुढे घरांचे नकाशे करणारी झाले, हे तुला कोण सांगणार? पश्चिमेला जिना, बाथरूम आणि सामानाची खोली टाकली, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनी खावं. खिडक्यांवर रुंद छज्जे आहेत, तापलेली हवा निघून जायला वर झरोके आहेत. सगळ्यात गार जागा उत्तरेची. लोक तिथे बैठक करतात, मी स्वयंपाकघर केलं.

वाटूरचं आपलं स्वयंपाकघर मागे, पत्र्याखाली, पश्चिमेच्या उन्हात. मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. दाराला ओलं पोतं टांगून तू भाकरी थापते आहेस, पदराने मान पुसते आहेस. मी म्हणते, "बैठकीत ये ना, पंखा हाय तिथं." "पाव्हणे बसलेत. तू जा, मी येऊन राह्यले." तू कधी आली नाहीस. एकदाच तू बाबांकडे खिडकी मागितलीस. "खिडकी कशाला? मागं काय बाजार भरलाय?" ते म्हणाले. पाहुणे हसले, आणि तूही हसलीस. तुझं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

आता बाबा माझ्याकडे असतात. गुडघे गेलेत त्यांचे. ऊन चढलं की खुर्ची स्वयंपाकघरात आणायला लावतात. "इथं बराबर गार वाटून राह्यलं," म्हणतात. परवा मी तव्यावरची पोळी तशीच सोडून अंगणात गेले आणि रडले. तुझ्यासाठी केलेला गारवा त्यांना मिळाला. राग येतो, आणि त्यांच्या हातात ताकाचा पेलाही मीच देते.

खिडकी मात्र फार खाली झाली आहे. ओट्याशी उभं राहिलं की बाहेरचा लिंब बघायला मला वाकावं लागतं. नवरा चिडवतो, "जगाची घरं बरोबर काढतेस, आपल्याच घराचं माप चुकलं!" खालून गार हवा येते, असं मी सांगते, फारच झालं तर गवंड्यावर ढकलते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुला एकटीला सांगते. गवंड्याची काही चूक नाही. शेवटच्या उन्हाळ्यात तुझे डोळे माझ्या खांद्याशी यायचे. भिंत चढत होती तेव्हा मी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला म्हटलं, एवढ्या उंचीच्या बाईला बाहेरचं दिसलं पाहिजे.