चार मुकी काडतुसं

स्टीव्हन्स पॉइंट, विस्कॉन्सिन
१५ मे २०२२

चि. एमिल यास लोरेटाताईचे अ. उ. आ.

काल, शनिवार १४ मे, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू भरून दिलेल्या सहा काडतुसांपैकी चार माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नुसती टिक् करून गप्प बसली. तेही क्लबच्या निवड सामन्यात, सगळ्यांदेखत.

गोळी उडाली नाही की नळी निशाणाकडे धरून तीस सेकंद उभं राहायचं, हा नियम तुला सांगायला नको. ननबायांच्या शाळेत शिकल्यामुळे तीस सेकंद म्हणजे तीन 'नमो मरिया' प्रार्थना, हे मला पाठ आहे. चार वेळा मिळून बारा झाल्या. शेवटच्या वेळी मागून विल्माने आमेन म्हटलं आणि हशा पिकला. राज्याच्या संघातली बायकांची एकुलती एक जागा तिला गेली. अकरा वर्षं ती माझी होती.

घरी येऊन एक न वाजलेलं काडतूस उलटं करून पाहिलं. बुडाला ठिणगी पाडणारी जी टोपी असते, ती तू नेहमी पितळी बसवतोस. ही चंदेरी आहे. डब्यावर मात्र तुझ्या सुवाच्य अक्षरात जुनीच चिठ्ठी. हा काय प्रकार आहे, ते कळव.

तुझ्या वाट्याच्या बटाटा भरलेल्या पिरोगी रागाच्या भरात मीच खाल्ल्या. भावजयीला, रूथला, आशीर्वाद.

तुझी,
लोरेटाताई


वॉसॉ
१७ मे २०२२

ती. लोरेटाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र रूथने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आवडलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

टोप्या बदलल्या, हे खरं. पिस्तुलाच्या टोप्या सात महिने एकाही दुकानात नाहीत. रायफलच्या टोप्या त्याच मापाच्या असतात. पुस्तकात पाहिलं, काडतुसातली दारू कमी केली, माझ्या रिव्हॉल्व्हरमधून पन्नास उडवून पाहिली. पन्नासही वाजली. चिठ्ठी बदलायची राहिली, त्याबद्दल माझा कान धर.

पण काडतुसांत खोट नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातचं एकही मुकं निघालेलं नाही. दोष तुझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये असणार. कुणीतरी अर्धवट माणसाने त्यात हात घातलेला दिसतो. एखाद्या चांगल्या मिस्त्रीला दाखव.

राग मावळला की कळव, मग भेटायला येतो.

तुझा धाकटा भाऊ,
एमिल


स्टीव्हन्स पॉइंट
१९ मे २०२२

चि. एमिल यास अ. उ. आ.

तो अर्धवट माणूस तूच. गेल्या नाताळात माझं बोट सुजलं होतं, चाप ओढवत नव्हता, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तू आतली स्प्रिंग हलकी करून दिलीस. तेव्हापासून माझा घोडा टोपीवर हळू आपटतो. रायफलच्या टोपीचा पत्रा जाड. तुझ्या घोड्याला फुटतो, माझ्या घोड्याला दाद देत नाही. पन्नास उडवलीस, पण स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून.

आमचा चिटणीस नॉर्बर्ट म्हणतो की, दोष नेमबाजाचा नसून काडतुसांचा, असं भरणाऱ्याने लिहून दिलं तर विल्माचा आणि माझा सामना पुन्हा घेता येईल. विल्माही तयार आहे. तशा जिंकण्यात तिला मजा नाही. अडचण एवढीच की तुझं पत्र सभेत वाचलं जाणार, आणि क्लबमधले नऊ जण तुझीच काडतुसं वापरतात. म्हणून तू मिस्त्रीच्या आड लपतोस, हे मला कळतं. पण विल्माकडून हरले तर तिला जेवायला बोलावीन. सहातले चार बार न वाजताच हरणं मला सोसत नाही.

आणि एक. हल्ली जो तो माझ्या हातातली पिशवी काढून घेतो, मला खुर्ची देतो. माझं बोट म्हातारं झालंय हे विसरलेला माणूस फक्त तू सापडलास. यासाठी मी तुझ्यावर मनापासून खूश आहे. तेवढंच लिहून दे: टोप्या बदलल्या, बहिणीचं बोट विसरलो.

माया आहे तेवढीच आहे. चिठ्ठी मात्र सहीनिशी हवी. फोन करू नकोस, फोनवर तू पुटपुटतोस. सोमवार, २३ मे, दुपारी चारच्या आत उत्तर नॉर्बर्टच्या टेबलावर लेखी पोचलं पाहिजे.

लोरेटाताई