केरेझचं पायाळू बाळ

सोन-कुल, ४ जून १९७६

चि. झेनेप हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इथे डोंगरावरच्या कुरणात घोड्या भरपूर दूध देताहेत आणि ते पिऊन तुझ्या भावाचं, सागिनचं पोट सुटलंय. तुझ्या वहिनीला, केरेझला, नववा लागला. काल तिचं पोट चाचपलं, तर बाळाचं डोकं वर बरगडीशी आणि पाय खाली! घाबरू नकोस. उद्या तिला घोंगडीवर निजवून बाळ फिरवते. या हातांनी कोकरं फिरवली, बायकाही सोडवल्या. नातवंडाची नाळ मीच कापणार, आत्ताच सांगून ठेवते. शहरात सुईणकाम शिकलीस म्हणून मला शिकवायला येऊ नकोस.

तुझी आई, बुरमाकान

नारिन, ९ जून

ती. आईस झेनेपचा सा. न.

आई, हात लावू नकोस गं! फिरवताना वार सुटली तर दोघंही हातची जातील. आमचे डॉक्टरसुद्धा ऑपरेशनची तयारी ठेवूनच फिरवतात. काही बाळं बूड खाली टेकून पाय सरळ वर करतात, काही मांडी घालून बसतात. त्यांची सुटका पुष्कळदा होते. पण आधी पाऊल आलं तर नाळ घसरते, नाहीतर धड बाहेर येतं आणि डोकं अडकतं. दुधाच्या ट्रकमधून वहिनीला ताबडतोब पाठव. नाळेवरून मग खुशाल भांडू.

रागावलेली, तरी तुझीच, झेनेप

सोन-कुल, १२ जून

चि. झेनेपला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तोवर फिरवून झालं होतं. डोकं खाली आलं, मी शेजारच्या तंबूत जाऊन मिरवलंही. दुसऱ्या दिवशी बाळ पुन्हा जसंच्या तसं. आज सकाळपासून तर केरेझला त्याची हालचाल कमी वाटते. तिला दुधाच्या ट्रकमधून तुझ्याकडे पाठवतेय, हे पत्र तिच्याच हाती देतेय, सागिन सोबत आहे. मी इथेच, दर दोन तासांनी घोड्यांचं दूध कोण काढणार?

एक लपवलेलं सांगते. तुम्हा दोघांआधीचा तुझा थोरला भाऊ जन्मल्यावर तापाने गेला असं सांगत आले, ते खोटं. तो पायाळू होता. डोकं अडकलं. हातात आला तेव्हा अंग अजून ऊन होतं गं. म्हणून मी फिरवायला शिकले. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी तिला सांभाळ.

आई

नारिन, १३ जून

ती. आईस सा. न.

मुलगा झाला! दोघं सुखरूप आहेत. बाळाचे ठोके मंद लागले, म्हणून काल आल्या आल्याच पोट उघडून काढला. पाय निघाले, धड निघालं. डोकं येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि मग असा रडला की डॉक्टरही हसले. नाळ त्यांनीच कापली, तुझा मान गेला. केरेझ तुझ्या नावाने बोटं मोडत नाही, चहा मागते. तुझं पत्र तिला आणि सागिनला वाचून दाखवलं. दोघं विचारतात, त्या दादाचं नाव काय होतं? तू हो म्हणालीस तर याला तेच ठेवू.

तुझी झेनेप

सोन-कुल, १९ जून

चि. झेनेप, सागिन, केरेझ यांना आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि घोडीला टेकून पोटभर रडले. कापू दे गं नाळ डॉक्टरांना, हात सोन्याचे होवोत त्यांचे.

नाव विचारलंत. श्वासच न घेतलेल्याला नाव कोण ठेवतं? आजवर कुणी विचारलंही नाही. मी मनातल्या मनात तुर्सून म्हणते, अजूनही. कागदावर आज पहिल्यांदा लिहिलं. ते बाळाला देऊ नका, त्याला दुसरं छानसं शोधा. तुर्सूनकडे तेवढंच आहे.

बाळाचा मुका घ्या, म्हातारीवर माया राहू द्या.

आई