कुणाच्या बापाला भीत नाही

अर्विंग, टेक्सास
९ नोव्हेंबर २०२५

आई,
सप्रेम जय भीम.

आम्ही इथे बरे आहोत. रेणूचा पुढचा दात पडलाय. तू दिलेली लोणच्याची बरणी अतुलने एकट्याने संपवली. जावई तुझा, त्याला बोलणार कोण! पत्र तिकडे सुट्टीवर निघालेल्या जागृतीच्या हाती पाठवतेय, कारण फोन तू स्पीकरवर लावतेस आणि अख्खी गल्ली ऐकते. हे एकटी असताना वाच.

देवानंदला कोठडीत भेटून आले. मध्ये काच असते, बोलायचं फोनवर. वाळलाय पोरगा. "जेवण फिक्कं असतं ताई, बाकी टकाटक," म्हणाला. तुझ्या बीपीची चौकशी केली.

त्याने इथल्या विमानतळावर आश्रय मागितला, तेव्हा वाटलं होतं की काम होईल. वरच्या जातीच्या मालिनीशी याचं जमलं म्हणून, तिचं लग्न दुसरीकडे लावूनही, तिच्या भावांनी याला मरेस्तोवर मारलं, पोलिसांनी तक्रार घेतली नाही, डोक्यावर टाक्यांचे वण आहेत. हे सगळं सांगायचं होतं. पण दुभाषी बाईने फोनवरून मराठीत आधी हेच विचारलं, "तुम्हाला परत जायची भीती वाटते का?" आणि हा छाती काढून म्हणाला, "भीती? आम्ही बाबासाहेबांची लेकरं. कुणाच्या बापाला भीत नाही!"

तिने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, भीती नाही. आणि इथे आश्रय मिळतो तो परत जायची भीती असेल तरच. पुढे मारहाणीचं सांगितलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मी काचेपलीकडून ओरडले त्याच्यावर. तर म्हणतो, "ताई, बाई आपल्याकडची वाटली. तिच्यापुढे भितो कसं म्हणू?" मला हसू आलं, मग रडू आवरेना.

वकिलाने जजकडे दाद मागितली. परवा अतुल ऑफिसातून आला आणि बूटही न काढता म्हणाला, "जजनेपण डिनाय केलं, उपासना. डिपोर्ट करतायत त्याला."

आई, तो परत येतोय. याच दिवसाची तू वाट बघत होतीस, मला ठाऊक आहे. पण त्याला घरी येऊ देऊ नकोस. गल्लीत बोलू नकोस, पुरण घालू नकोस. प्रल्हादकाका त्याला दिल्लीहून परस्पर भोपाळला नेतील. तो ऐकणार नाही, चोरासारखा का लपू म्हणेल. माझं तर ऐकतच नाही. तुझं ऐकतो. मान वर करून चालायला तूच शिकवलंस त्याला. आता तूच त्याला सांग, "देवानंदा, मला भीती वाटते."

तुझ्या लेकाचा जीव तुझ्याच पदरात घालणारी,
उपासना