माळकऱ्याच्या परसात कोंबड्या

१२ नोव्हेंबर २०००

पुनम बोलली आज! आपणहून!

परसात भांडी घासत होती. मी आंघोळीला पाणी काढून घेत होतो. मान वर न करता म्हणाली, "मामा, एक कोंबडी आनू का?"

आषाढात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून आमचा मुलगा विजयकुमार गेला. तेव्हापासून या पोरीनं स्वतःहून एक शब्द काढला नव्हता. आपण विचारलं तर व्हय, न्हाई. सून म्हणून आली तेव्हा घर डोक्यावर घ्यायची. आमच्या विजयला बोलू द्यायची नाही. आणि आता तोंड उघडलं ते कशासाठी, तर कोंबडी!

या घरात कधी अंडं फुटलेलं नाही. माझ्या गळ्यात माळ, माझ्या बायकोच्या, द्वारकाच्या गळ्यातही माळ. म्हणालो, "आपल्यात चालत न्हाई, बाई."

"बरं," म्हणाली. पुन्हा भांडी.

१३ नोव्हेंबर

दिवसभर घरात फक्त भांड्यांचा आवाज.

१५ नोव्हेंबर

द्वारकानं आज मला धारेवर धरलं. "चार महिन्यांनी लेकरू बोललं, अन् तुमी त्याचं तोंड बंद केलं! देवाला चालतं का न्हाई ते देव बघून घेईल."

म्हणालो, भजनात लोक काय म्हणतील?

"जल्मभर यष्टीत लोकायचं ऐकलं. अजून पोट भरलं न्हाई व्हय?"

हिंगोली डेपोत वाहतूक नियंत्रक होतो मी. संपाच्या दिवसांत चिडलेल्या पाशिंजरांना शांत केलं. बायकोपुढं मात्र हात टेकले. आणा म्हणालो. पण परसाच्या पार त्या टोकाला. घरात पाऊल टाकायचं नाही — कोंबडीनं!

२६ नोव्हेंबर

आली कोंबडी. बौद्धवाड्यातल्या सोजराबाईनं दिली, बटईनं. म्हणजे सांभाळायची पुनमनं, पिल्लं निम्मी-निम्मी. सोजराबाई आमच्या रानात खुरपायला येते, तिथलीच दोघींची ओळख.

कोंबडी तांबडी आहे. मानेवर एक पीस नाही. मला वाटलं, आजारी दिली काय!

सोजराबाई हसली. "काका, ही जातच तशी. उघड्या मानंची. उन्हाळा सोसती."

ती अंगणाबाहेरच उभी होती, लांबून बोलत होती. पुनमनं तिचा हात धरला आणि घरातून सरळ परसात घेऊन गेली. द्वारकानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वाचत होतो. उलटा धरला नव्हता एवढंच.

४ डिसेंबर

खुराडं बांधलं. मीच. विटा पडून होत्या, वाया गेल्या असत्या.

१४ जानेवारी २००१, संक्रांत

गल्लीभर हळदीकुंकू. पुनमला बोलावणं नाही. विधवेला कोण बोलावतं? गेल्या संक्रांतीला हिनंच पन्नास बायकांना वाण वाटलं होतं.

द्वारका एकटीच गेली. मी ओट्यावर बसून होतो. तेवढ्यात सोजराबाई आली — पदराखाली अंडी, आमच्या कोंबडीखाली बसवायला. कोंबडी खुडूक झाली आहे म्हणे, उबवायला बसते. दोघी परसात बसल्या. कुजबुज चालली होती. मग हसण्याचा आवाज. पुनमचा!

द्वारका परत येऊन दारात तशीच थांबली, हातात वाणाची वाटी. आम्ही दोघं ऐकत राहिलो. कुणीच आत गेलं नाही.

५ फेब्रुवारी

पिल्लं निघाली! भजनात ग्यानबा म्हणाला, "उत्तमराव, तुमच्या काकड्याला आता कोंबडं बी साथ देणार म्हणा की!" सगळे हसले. मीही हसलो. चक्क हसलो.

१९ मार्च

मर आली. आधी बौद्धवाड्यात, मग मुसलमान गल्लीत, परवा आमच्याकडं. हिरवी हगवण, मान पिरगळून पाठीवर. कोंबडी गोल गोल फिरते आणि पडते. लोक म्हणतात, दरवर्षीचंच आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला येतेच.

आज सकाळी उघड्या मानेची गेली. पुनमनं सगळ्यांना लिंबाखाली खड्डा करून पुरलं. मी फावडं घ्यायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

२० मार्च

पुन्हा गप्प.

१ एप्रिल

कुरुंद्याहून पुनमचा भाऊ आला. द्वारका आणि पुनम आत होत्या. तो दबक्या आवाजात म्हणाला, "तात्या, तिचं वय काय? उभा जन्म हाय पुढं. वसमतला एक माणूस बघितलाय. बायको वारली त्याची. किराणा दुकान हाय, माणूस निर्व्यसनी. पाठवून द्या तिला."

आत पुनम ज्वारी पाखडत होती. सूप एकदम थांबलं.

म्हणालो, "ती या घरची आहे."

भाऊ चहा न पिता उठला. सूप पुन्हा सुरू झालं.

९ ऑगस्ट

सोजराबाई सकाळीच आली. "चल पुनम, दवाखान्यात जाऊ. जनावराच्या. दरसाल मरू द्यायच्या का?" दोघी जीपनं सेनगावला गेल्या. आल्या त्या एकाच वेळी बोलत.

"मामा, मर थांबती! लस हाय!"

"मग आणायची."

"तसं न्हाई ना! एका बाटलीत शंभर कोंबड्यांची लस. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची, मग ती कामाची न्हाई. सोजराबाईकडं सात, माझ्याकडं नव्या चार—"

"बाकीच्या कुठून आणणार?"

"गावातून!"

म्हणजे सगळ्या गल्ल्यांच्या कोंबड्या, एका जागी, एकाच सकाळी. या गावात सगळ्या गल्ल्या एका जागी आलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. पण बोललो नाही. पुनम बोलत होती, मी मध्ये कशाला बोलू?

१६ डिसेंबर

सुगी आटोपली तशा महिनाभर दोघी दारोदार हिंडून राहिल्या. मुसलमान गल्लीतल्या बायका लगेच तयार झाल्या. बौद्धवाडा तर सोजराबाईचाच. आमच्याच गल्लीतली जनकाबाई अडली. तिच्याकडं गावात सगळ्यात जास्त कोंबड्या. आमची माळकऱ्यांची चार घरं सोडली तर गल्लीत सगळ्यांकडंच आहेत, आणि सगळ्या जनकाबाईचं बघून चालतात.

"सुईनं मरत्यात कोंबड्या. अन् मी त्यायच्यासंगं रांगेत बसू व्हय?" — हे सोजराबाईच्या तोंडावर.

पुनम म्हणाली, "मावशी, मर गल्ली बघून येती का?"

जनकाबाईनं दार लावून घेतलं. माझी सून! दोन वर्षांपूर्वीची परत दिसली मला.

१० जानेवारी २००२

आता नवी अडचण. लस हिंगोलीहून यायची, बर्फात. जरा तापली की गेली. जीपवाला दहा ठिकाणी थांबतो. पुनमनं चाचरत विचारलं, "मामा, यष्टीनं येईल का?"

येईल का! अगं, डेपो अजून मला ओळखतो!

१६ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस नीट लिहायचा.

शाळेजवळच्या मैदानात बायका उजाडताच जमल्या. टोपल्या, डाली, पिशव्या. सगळीकडून कलकलाट — कोंबड्यांचा आणि बायकांचा. दवाखान्याचा माणूस सुया उकळून बसलेला. आणि गाडीचा पत्ता नाही!

मी सडकेवर उभा. कालच ड्रायव्हरला फोनवर बजावलं होतं. ऊन चढायला लागलं. बायका कुरकुरू लागल्या. "लेकरं उपाशी हायेत घरी." दोन बायका उठल्यासुद्धा. सोजराबाई त्यांना हाताला धरून बसवत होती. पुनम नुसती माझ्याकडं बघत होती. जन्मात गाडीची एवढी वाट पाहिली नाही मी.

आली! ड्रायव्हरनं खिडकीतूनच थर्मास पुढं केला, ओल्या टॉवेलात गुंडाळलेला. "साहेब, टायर बसला होता. पन बर्फ हाय बघा." हलवून पाहिला. आत बर्फ खडखडला. मी पळालो. या वयात!

पहिल्या काही कोंबड्यांना दवाखान्याच्या माणसानं टोचलं. मग सुई पुनमच्या हातात दिली. पहिल्या कोंबडीला तिला वेळ लागला. नंतर नाही. "पंख वर करा. घट्ट धरा. झालं. पुढची." धरायला हात कमी पडू लागले.

"मामा, उभे काहून राहिले? धरा की!"

मी माळ सदऱ्याच्या आत सारली आणि कोंबडा धरला. आयुष्यात पहिल्यांदा. किती गरम असतो तो! आणि त्याचं काळीज — माझ्या तळहातावर धडधडत होतं. ग्यानबा सडकेवरून पाहत होता. पाहू दे.

बाटली संपत आली तेव्हा जनकाबाई आली. डोक्यावर झाकलेली डाल. कुणाकडं न बघता म्हणाली, "उरलंय का?"

सोजराबाई सरकली. आपल्या शेजारी जागा करून दिली. "या, बसा." जनकाबाईनं डाल खाली उतरवली. मग बसली.

२७ मार्च

पलीकडच्या दोन्ही गावांत मर आली. आपल्याकडं अजून एकही नाही.

३ एप्रिल

अजून नाही! जनकाबाई आज आमच्या परसात येऊन गेली. "पुनम, पुढची सुई कवा?" बायका आता दर बुधवारी शाळेजवळ बसतात. कुणाची खुडूक, कुणाची अंडी, कुणाकडं मुंगूस आलं. आमची पुनम मधोमध. पुढच्या खेपेला आसपासच्या वाड्या-वस्त्याही बोलवायच्या म्हणतात.

११ एप्रिल

सोजराबाई रानात भेटली. "काका, बोलू का एक? राग येईल."

"बोल."

"पुनमनं समद्या गल्ल्या एका जागी बसवल्या. अन् तुमी तिला नुसती सून करून ठेवून राहिले. तुमी दोघं गेल्यावर ती कोनाची सून?"

राग आला. तसाच घरी आलो.

१२ एप्रिल

राग गेला नाही. तिचं काही चुकलं असतं तर गेला असता.

२० एप्रिल

द्वारकाशी बोलून कुरुंद्याला जाऊन आलो, पुनमच्या भावाकडं. तिथून वसमतलाही. किराणा दुकानवाला अजून एकटाच आहे. माणूस बराबर वाटला. कमी बोलतो, नीट ऐकतो.

२१ एप्रिल

आज विचारलं. पुनम परसात दाणे टाकत होती. माणूस कोण, कुठला, सगळं सांगितलं. म्हणालो, "तुझ्या मनात नसलं तर विषय संपला. असलं तर मी लेक म्हणून पाठवीन."

दाणे मुठीतच राहिले तिच्या. कोंबड्या पायाशी घोटाळत होत्या. खाली बघतच म्हणाली, "मामा, इथल्या कोंबड्या कोन बघंल?"

म्हणालो, "मी."