झटके-नोंदणी कक्षात आणखी पाच दिवस मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बाल मेंदू-शस्त्रक्रिया विभाग,
मुलांचे रुग्णालय.

विषय : खाट क्रमांक चारवरील मुलीची झटके-नोंदणी पुन्हा करणेबाबत.
संदर्भ : 'पुरेशी नोंद नाही' असे कळवणारे आपले परवाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही सदर मुलीची (वय सात) आई. घरी मुलीला दिवसातून फिटचे चार-चार झटके येतात. आपल्या कक्षात डोक्याला तारा चिकटवून, गोळ्या कमी करून कॅमेऱ्यासमोर बसवल्यावर मात्र बाईसाहेब चार दिवस अगदी शहाण्यासारख्या वागल्या. झटका मेंदूत नेमका कुठून सुरू होतो याची नोंद नाही तर शस्त्रक्रिया नाही, हा नियम अर्जदारास मान्य आहे.

२. शेजारच्या खाटेवर दीड वर्षाचे बाळ होते. त्याला दोन दिवसांत पाच झटके आले, पाचही छान नोंदले गेले. हल्ली फार वाट न पाहता लहानपणीच शस्त्रक्रिया करतात, काहींची कवटी न उघडता बारीक छिद्रातून लेसरने करतात, असे आपणच समजावले होते. त्या बाळाला लेसरची तारीखही मिळाली. अर्जदारास आनंद झाला असे लिहिणे रीतीला धरून होईल, पण ते खोटे होईल. जळफळाट झाला. दुसऱ्याच्या लेकराच्या झटक्यांचा हेवा करणारी बाई आपल्या दप्तरी नसल्यास ती आता नोंदवून घ्यावी. त्यात त्या बाळाची आई "ताई, तुमचंही होईल हो" म्हणत उरलेली बिस्किटे देऊन गेली. अर्जदाराने ती खाल्ली नाहीत.

३. चौथ्या दिवशी अर्जदाराने मुलीला जांभई आली म्हणून दोनदा आणि उचकी लागली म्हणून एकदा, झटका आला की दाबायचे ते बटण दाबले. परिचारिकाबाई तिन्ही वेळा धावत आल्या. त्याबद्दल क्षमा असावी.

४. आता खरे ते. पाचव्या दिवशी दुपारी झटका आला होता. बटण हातातच होते. ते टाकून अर्जदाराने मुलीला कवेत घेतले. ओढाताणीत तारा निघाल्या, आणि चित्रफितीत सव्वा मिनिट फक्त अर्जदाराची पाठ आहे. त्या बाळाची आई पाचही वेळा बटण दाबून, कॅमेऱ्याला बाळ दिसावे म्हणून चादर बाजूला करून, भिंतीला टेकून उभी राहिली होती. ते तिला कसे जमले, याचाच अर्जदारास सर्वांत जास्त हेवा वाटतो.

५. तरी आणखी पाच दिवस द्यावेत, ही कळकळीची विनंती. या वेळी मुलीजवळ तिची आत्या बसेल. तिने बटण दाबून बाजूला होण्याची घरी तालीम केली आहे. अर्जदार दाराबाहेर बसेल. मुलीने 'आई' म्हणून हाक मारली तरी अर्जदारास आत सोडू नये, यास ही लेखी संमती समजावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
मुलीची आई, खाट क्रमांक चार
दिनांक : ९ ऑगस्ट

सोबत : आत्याचे हमीपत्र.