संध्याकाळच्या रक्ताचा अहवाल डेअरीवर पुकारल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, नंदुरबार.

विषय : पतीच्या टेस्टोस्टेरॉन तपासणीतील हयगय व जाहीर बदनामीबद्दल तशीच शिक्षा मिळणेबाबत.
संदर्भ : खाजगी लॅबचा अहवाल.

महोदय,

दुपारी घर सामसूम असताना आत्ताच माठावरचे झाकण वाजले. मांजर होते. माझी चार वर्षांची काजल उठली नाही, म्हणून अर्ज पुढे लिहिते.

१. माझे पती धर्मेंद्र अक्कलकुव्याच्या रस्त्याने रात्रभर ट्रक चालवतात. अंग गळते म्हणून डॉक्टरांनी पुरुषी हार्मोनची ही तपासणी सांगितली. लॅबच्या मालकाने रात्रभर जागलेल्या माणसाचे रक्त संध्याकाळी काढले. आकडा आला २४८. शेजारी छापले होते, ३०० ते १०००.

२. गावात लॅबचे अहवाल दूध डेअरीवर ठेवतात, लोकांना न्यायला सोपे म्हणून. तिथला भिला दूध मोजतो आणि प्रत्येकाचे फॅट मोठ्याने पुकारतो. आमचा कागदही त्याने तसाच पुकारला, "धर्माभाऊ, तुन्हं फॅट कमी लागनं! पानी टाकं का?" रांग हसली. मागून एक जण म्हणाला, "मंग पोर कोनी शे भो?"

३. तेव्हापासून हे मळ्यातल्या खोलीत झोपतात. काजलच्या वेण्या हेच घालायचे, इतक्या हलक्या हाताने की ती बसल्या जागी पेंगायची. आता वेण्या मी घालते आणि ती रडते.

४. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला नीट समजावले. हा आकडा सकाळी वर असतो, दिवसभरात उतरतो, झोप नसली की आणखी. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासायचा. छापलेली मर्यादा लॅबगणिक, मशीनगणिक बदलते. त्यावरून कोणाची मर्दानगी ठरत नाही, आणि मूल कोणाचे हे तर मुळीच कळत नाही. हातापाया पडून यांना पुन्हा नेले. दोन्ही वेळा आकडा मर्यादेत. यांनी कागद पाहिला, खिशात घातला आणि मळ्यात निघून गेले.

५. सबब, मला माफीनामा नको. लॅबमालक व भिला यांना एक रात्र जागे ठेवावे, संध्याकाळी रक्त काढावे आणि त्यांचे अहवाल भरल्या रांगेत मला वाचू द्यावेत. मर्यादेचा रकाना मी बोटाने झाकीन. मागून बोलणाऱ्याला पहिल्या नंबरावर उभे करावे. लोकांना पोटभर हसू द्यावे. हे नियमात बसत नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे मी माझ्या पद्धतीने करीन.

परतफेडीची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सौ. हेमांगी धर्मेंद्र पाटील
सारंगखेडा, ता. शहादा
दि. १८ डिसेंबर २०२४

सोबत : तिन्ही अहवालांच्या झेरॉक्स.

ता.क. पाकीट चिकटवताना काजल उठली. ती विचारते आहे, "मम्मी, पप्पा माले आते कडेवर का बरं लेतस नही?"